गाविलगड चार दिवसांत कसा पडला?

नांदगाव पेठहून आपल्या पॉडकास्टमध्ये या वेळी गाविलगड. ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

चिखलदऱ्याला आपण सगळेच जातो. भुट्टा खातो, चार फोटो काढतो, वेळ उरला तर किल्ल्यात डोकावतो. पण अचलपूरच्या सपाटीवरून जो गड अजिंक्य वाटतो, तो १८०३ मध्ये चार दिवसांत पडला. कसा?

आधी थोडं मागे जाऊ. नाव गवळ्यांवरून पडलं असं मानतात. दगडी किल्ला बांधला बहमनी सुलतान अहमदशहानं, साधारण १४२५ मध्ये. पुढं १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. हा माणूस जन्मानं विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी कैद होऊन इकडं आलेला. म्हणूनच की काय, गडाच्या दिल्ली दरवाजावर विजयनगरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे! दरवाजाखालून घाईघाईनं निघून जाऊ नका, मान वर करून बघा. मग निजामशाही, मुघल, आणि शेवटी नागपूरकर भोसले.

आता १८०३. अकोल्याकडच्या अडगावला २९ नोव्हेंबरला भोसल्यांचा पराभव झाला आणि त्यांच्या फौजेतले बरेच लोक गाविलगडावर आले. पाठलागावर होता आर्थर वेलस्ली. आयर्लंडमध्ये जन्मलेला, तिथल्याच डांगन कॅसलमध्ये लहानाचा मोठा झालेला. यानंच पुढं १८१५ ला वॉटर्लूत नेपोलियनला हरवलं.

गडाची दक्षिण बाजू म्हणजे सरळ कडा. तिकडून वेलस्लीच्या तोफा वाजत होत्या, पण खरा डाव उत्तरेला होता. तिथं गड मेळघाटच्या पठाराला जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीनं जोडलेला आहे. त्या बाजूला पोचायला रस्ताच नव्हता. कर्नल स्टीव्हन्सनच्या लोकांनी डोंगरातून स्वतः वाट तयार करत जड तोफा जवळपास पन्नास किलोमीटर ओढत नेल्या. माझ्या मते लढाई तिथंच जिंकली गेली.

१२ डिसेंबरला मोर्चे लागले, १५ ला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य घुसलं. पण बाहेरचा किल्ला घेतला म्हणजे गड घेतला असं नव्हतं. मधे खोल दरी, पलीकडं आतल्या किल्ल्याचा शाबूत तट. कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी मोजके शिपाई घेऊन दरी चढला, शिडी लावून तटावर गेला आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. भोसल्यांचा सरदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याच्यासोबत किती मेले, त्यांची नावं कुठंच नाहीत; कॅम्पबेलचं नाव मात्र प्रत्येक इंग्रजी पुस्तकात सापडतं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. गड मात्र त्यांना परत मिळाला, पण १८२२ मध्ये तोही निजामाकडं गेला. तात्या टोपे इथं ठाण मांडेल या भीतीनं इंग्रजांनी १८५८ मध्ये त्याची तटबंदी पाडून टाकली.

तर पुढच्या वेळी एक करा. चिखलदऱ्याहून किल्ल्याकडं जाताना गाडी जिथं सपाटीवरून आरामात जाते, तिथं थांबा. तीच ती उत्तर बाजू. आत शिरल्यावर दोन किल्ल्यांमधली दरी वरून बघा आणि शिडी कुठं लागली असेल याचा अंदाज कमेंटमध्ये टाका.