गच्चीवरचं विमान आणि पंख मोडण्याची भीती

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची फाइल ज्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात अडकली, ते दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर आहे. अर्ज 2011 चा, नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये. घरी बांधलेलं विमान कुणीही मनाला येईल तेव्हा उडवतो, असं म्हणणाऱ्यांनी एवढ्या तारखा वाचल्या तरी पुरे.

दिल्लीत छोट्या विमानाचा विषय निघाला की संजय गांधींचं नाव येतंच. 23 जून 1980 ला त्यांच्यासह कोसळलेलं पिट्स एस-2ए हे कारखान्यात बनलेलं, कसरतींसाठीचंच विमान होतं. कमी उंचीवर कसरत करताना ताबा सुटला आणि सावरायला खाली जागाच उरली नाही. विमान हौशी हातांनी बांधलेलं आहे की कारखान्यात, याने इथे काही फरक पडला नसता.

‘घरगुती विमानाचे पंख हवेत मोडतात’ ही भीतीही अशीच वाढवलेली. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने 2012 मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा इंजिनाचा बिघाड आणि ताबा सुटणं ही कारणं वर आली. धोका जास्त होता तो सुरुवातीच्या काही उड्डाणांत. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये अशाच लाँग-ईझी विमानात गेला. तिथेही दोष पंखांचा नव्हता; इंधनाची टाकी बदलायची कळ बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती.

पण सांगाडा मोडतच नाही असंही नाही. झोडियाक सीएच 601 एक्सएल ही विमानं हवेत तुटल्याच्या सहा घटनांत दहा जण गेल्यावर एनटीएसबीने एप्रिल 2009 मध्ये ती जमिनीवर ठेवायची मागणी केली. संशय होता फ्लटरवर. ठरावीक वेगापुढे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) किंवा शेपटीचा भाग थरथरू लागतो आणि हवा त्या थरथरीला खतपाणी घालते. लाकूड, कापड, अॅल्युमिनियम, काहीही असो, काही सेकंदांत भाग उखडतो. म्हणून ‘जाड पत्रा लावला की झालं’ हा हिशेब चुकीचा. सांध्यांचा ढिलेपणा आणि एलेरॉनचा तोल जास्त महत्त्वाचा.

सर्वात घातक समज मात्र वेगळाच आहे: काही तुटल्याचा आवाज आला की नाक खाली करून चटकन उतरावं. नाक खाली गेलं की वेग वाढतो, आणि दुखावलेल्या सांगाड्याला नेमका तोच सोसत नाही. थ्रॉटल हळूच कमी करायचा, दांडा हळुवार हलवायचा, तीव्र वळण टाळायचं. उंची कायम ठेवून साठ अंश कलून घेतलेल्या वळणात पंखांवरचा भार दुप्पट होतो. मग उंची हाताशी असतानाच वेग थोडा थोडा कमी करून बघायचं, विमान कुठवर ऐकतं ते. ज्या वेगाला ते एका बाजूला झुकू लागतं, त्याच्या वरच्या वेगानेच उतरायचं, भले धावपट्टी नेहमीपेक्षा जास्त लागो. फ्लॅप तर शक्यतो हलवूच नयेत. एका पंखाचा फ्लॅप उतरला आणि दुसऱ्याचा अडकला, तर विमान तिथेच कलंडतं.