वाढलेली छाती आणि सरकारी दवाखाना

पुरुषाच्या छातीची स्त्रीसारखी वाढ होणे, हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, जी गोष्ट माणसाला चारचौघांत अंगातला सदरा काढू देत नाही, ती हमालांच्या संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने तरी क्षुल्लक मानू नये. वैशाखातल्या उन्हात मोंढ्यात पोती वाहताना सगळे गडी उघडे असतात; एकटाच घट्ट बंडी आणि वर सदरा घालून घामाने निथळत असतो. सोबती थट्टा करतात. पुढे तो कामच चुकवू लागतो आणि लोक त्याला आळशी म्हणतात. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचून, विचारून आणि आमच्या माणसांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहून जे समजले, तेवढेच सांगणार आहोत.

या विकाराला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. विकार नवा नाही. इजिना बेटावरच्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्याने सातव्या शतकातच त्याची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. पुरुषाच्या शरीरातही स्त्रीजातीचे अंतःस्राव थोडे असतात. त्यांचे आणि पुरुषजातीच्या स्रावांचे प्रमाण बिघडले की स्तनाग्रामागची ग्रंथी वाढते. नुसती चरबी वाढणे ही निराळी गोष्ट. बोटांनी चाचपल्यावर स्तनाग्राखाली रबरासारखी चकती लागली तर ग्रंथी, सगळे मऊ लागले तर बहुधा चरबी. पण हा निवाडा डॉक्टरने करावा, शेजाऱ्याने नव्हे.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत अशी वाढ फार आढळते; निम्म्याहून अधिक मुलांना थोडीबहुत होते, आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. तेव्हा आईबापांनी घाबरून मुलाला सुरीखाली घालण्याची घाई करू नये. मोठ्या माणसात मात्र कारण शोधावे लागते. दारूने खराब झालेले यकृत, थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, अंडकोशातील गाठ, व्यायामशाळेत कोणी हळूच दिलेली स्टिरॉइडची सुई, रक्तदाबाच्या किंवा पित्ताच्या काही गोळ्या, क्षयाचे एखादे औषध, यांपैकी काहीही असू शकते. मूळ तसेच ठेवून छाती कापली तर वाढ पुन्हा होण्याची भीती राहते. मात्र क्षयाच्या गोळ्या कोणी मनानेच बंद करू नयेत. त्यात जिवाचा धोका आहे. आणि एकाच बाजूला कठीण गाठ लागली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर एक दिवसही दवडू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत साधारण एक पुरुष असतो.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा प्रश्न याहून निकडीचा. सैन्याच्या आणि निमलष्करी दलांच्या वैद्यकीय तपासणीत या वाढीमुळे उमेदवार तात्पुरता अपात्र ठरू शकतो. मग फेरतपासणीची तारीख डोक्यावर, घरात रडारड, आणि बाप सावकाराच्या दारात. खासगी दवाखान्यात घाईघाईने पैसा ओतला जातो. धावण्याचा सराव सुरू करण्याआधीच पोराने एकदा छाती दाखवून घेतली, तर ही धावाधाव कशाला होईल?

सरकारी दवाखान्याची वाट अशी. पहिले पाऊल आपले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा औंढ्याचे ग्रामीण रुग्णालय. तेथून चिठ्ठी घेऊन हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडजवळ विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. साधी ग्रंथी सामान्य शल्यचिकित्सकही काढतो. चरबी ओढून घ्यायची किंवा लोंबती कातडी कमी करायची तर प्लॅस्टिक सर्जन लागतो. तो कोणत्या वारी बसतो, हे आधी विचारावे. फुकट गेलेली फेरी म्हणजे बुडालेली मजुरी.

खर्चाचेही समजून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याची, ती त्या निर्णयात आली नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांचीच यादी असते. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते की नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवून भरती होण्यापूर्वीच विचारावे. ‘ही तर शोभेची शस्त्रक्रिया’ असे म्हणून कोणी वाटेला लावू पाहील. अशा वेळी भांडू नये. दुखते किती, काम किती बुडते, मनाला काय होते, हे डॉक्टरला नीट सांगावे आणि ते केसपेपरावर लिहून घ्यावे. आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे की, कचेरीत तोंडच्या शब्दाला वजन नसते, कागदाला असते.

आता तयारी. रक्त, साखर, यकृत, थायरॉइड व अंतःस्रावांच्या तपासण्या, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, जरूर पडल्यास सोनोग्राफी. हे एका दिवसात होत नाही. अंडकोश तपासू देण्यास लाजू नये. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा थांबवायची ते डॉक्टर सांगेल. विडी, तंबाखू, गुटखा निदान चार आठवडे आधी बंद. हे उपदेशासाठी म्हणत नाही; तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखम चिघळते, स्तनाग्राची कातडी मरू शकते. भूल देण्यापूर्वी साधारण सहा तास अन्न नाही. पाण्याचे डॉक्टर सांगेल तसे. सोबत एक जबाबदार माणूस हवा.

छेद बहुधा स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने घेतात. वेबस्टर या शल्यविशारदाने १९४६ साली ही रीत लिहिली. व्रण त्यामुळे झाकला जातो. रक्त साचू नये म्हणून कधी नळी ठेवतात. संवेदना काही काळ कमी होते, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असे नाही. संमतीपत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी हे सारे विचारून घ्यावे.

पुढचे आठवडे हमालाला सर्वांत कठीण. छातीवर घट्ट पट्टा किंवा बंडी चार ते सहा आठवडे, आणि निदान तीन-चार आठवडे जड उचलायचे नाही. पन्नास किलोचे पोते तर डॉक्टरने हो म्हटल्यावरच. म्हणून हंगाम पाहून जावे. दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक, उन्हाळ्यात हळदीची. त्यातून उन्हाळ्यात घट्ट पट्टा म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. आषाढ-श्रावणात मोंढा सुस्त असतो, तेव्हाचा मुहूर्त बरा. टोळीने तेवढे दिवस त्याच्या वाटणीचे काय करायचे, हे आधीच बसून ठरवावे. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळात ज्याची नोंद आहे, त्याने रजेचे व वैद्यकीय मदतीचे नियम मंडळात विचारून घ्यावेत.

काढलेली ग्रंथी तपासणीला पाठवतात. त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. टाके निघाले की लोक दवाखान्याकडे फिरकत नाहीत. अहवाल हाती घ्यावा, डॉक्टरला दाखवावा आणि केसपेपरासह घरात जपून ठेवावा.