ॲव्हरेज खाणारा वारा

दुपारी दोनला भिलाई पोलाद कारखान्याची पाळी सुटते आणि मोटरसायकलींचा लोंढा सेक्टरांकडे निघतो. नवी गाडी कुणी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? मग इंजिन निघतं, चेन निघते, टायरमधली हवा निघते. बाहेरच्या हवेचं नाव कुणी काढत नाही. आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली की चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीतला सर्वांत मोठा घास हीच हवा घेते.

तिशीपर्यंत टायर, पुढे वारा

शंभर सीसीची गाडी, वर एक माणूस. ताशी ३०च्या आसपास टायरांचा रोध आणि वाऱ्याचा रोध साधारण बरोबरीत येतात. ८०ला वारा टायरांच्या सहापट होतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ४०ला अर्ध्या किलोवॅटच्या आत भागतं. ८०ला साडेतीन किलोवॅट, म्हणजे जवळपास पाच अश्वशक्ती लागतात. अशा इंजिनाची सगळी मिळून ताकद आठ अश्वशक्तींच्या आसपास! ॲव्हरेज मात्र चौथाईवर येत नाही, कारण हलक्या कामाला जुंपलेलं पेट्रोल इंजिन उधळं असतं. भार वाढला की तेच इंजिन थेंबाथेंबातून जास्त काम काढतं.

म्हणून भिलाईतल्या भिलाईत, सुपेला ते सिव्हिक सेंटर एवढंच फिरणाऱ्याने पेट्रोल वाचवायला फेअरिंगवाली, म्हणजे वारा कापणारं कवच लावलेली गाडी घेऊ नये. तिथे सिग्नल आणि ब्रेकच पेट्रोल खातात. फेअरिंगचं मोल कळतं दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा या वाटेवर.

वाऱ्याला सेडानइतकीच जड

वाऱ्याच्या दृष्टीने गाडीचा सर्वांत मोठा भाग म्हणजे वर बसलेला माणूस. ताठ बसलेला स्वार आणि त्याची उघडी मोटरसायकल मिळून हवेला जेवढी अडवतात, जवळपास तेवढीच अडवणूक पाच माणसांची आधुनिक सेडान करते. सेडान रुंद असली तरी गुळगुळीत असते. मोटरसायकलवर गुडघे, कोपर, आरसे, हेडलाइट, फडफडणारा शर्ट, सगळंच वाऱ्यात उघडं. टाकीवर वाकून बसणारा शर्यतपटू पूर्ण फेअरिंगच्या आड हा रोध निम्म्यावर आणू शकतो. साध्या गाडीवर नुसती शर्टाची बटणं लावली आणि कोपर आत घेतले, तरी फरक पडतो, तोही फुकट.

आता लेग गार्डकडे जरा वाकून पाहा. बोटभर जाडीचा गोल पाइप, दिसायला किरकोळ. पण गोल नळीच्या मागे हवा फाटते, भोवरे उठतात आणि ते नळीला मागे ओढतात. तीच नळी विमानाच्या पंखासारखी, मागे निमुळती होत जाणारी असती, तर जवळपास दहापट जाड असूनही तिने तेवढाच रोध केला असता. पुढचं टोक कितीही अणकुचीदार करा, खरी करामत मागच्या निमुळत्या शेपटीत असते. पण गाडी आडवी झाली की पाय वाचवतो तो हाच पाइप, तेव्हा ॲव्हरेजसाठी तो काढायचा विचारही करू नका.

कचऱ्याचा डबा आणि पन्नास सीसी

इटलीच्या मोटो गुझ्झीने १९५०मध्ये मांडेल्लो गावातल्या आपल्या कारखान्यात पूर्ण आकाराच्या गाडीसाठी हवेचा बोगदा (विंड टनेल) बांधला. त्या काळातल्या शर्यतींत पुढचं चाकही झाकणारी गोलमटोल कवचं आली. इंग्रजांनी त्यांना कचऱ्याच्या डब्याचं नाव दिलं. वेग भरपूर, पण आडव्या वाऱ्यात गाडी भरकटायची. १९५७च्या हंगामानंतर शर्यतींतून ती बादच झाली.

जर्मनीच्या एनएसयूने १९५६मध्ये स्वार जवळजवळ आडवा झोपेल असं कवच केलं आणि अमेरिकेतल्या मिठाच्या सपाट मैदानावर ५० सीसीच्या इंजिनाने ताशी १९६ किलोमीटर गाठले. पन्नास सीसी! आपल्याकडची लुना साधारण एवढ्याच इंजिनावर चालायची. सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी हवेच्या बोगद्यात घडवलेलं पूर्ण फेअरिंग १९७६मध्ये बीएमडब्ल्यू आर १०० आरएसने आणलं.

यात सर्वांत भावतो तो अमेरिकेचा क्रेग व्हेटर. त्याने १९८०च्या दशकात शर्यत लावली ती वेगाची नव्हे, ॲव्हरेजची. १९८५मध्ये मात्सु मात्सुझावाने शेपटीपर्यंत झाकलेल्या छोट्या होंडावर गॅलनला ४७० मैल काढले. आपल्या हिशेबात लिटरला जवळपास २०० किलोमीटर.

मे महिन्याची सवलत

भिलाईचा ४५ अंशांचा उन्हाळा अंग भाजतो, पण तापलेली हवा विरळ होते. डिसेंबरच्या दहा अंशांच्या पहाटेपेक्षा मेच्या दुपारी हवेचा रोध सुमारे दहा टक्के कमी असतो. समोरचा वारा ही सवलत क्षणात काढून घेतो. तुम्ही ६०ने जाताय आणि समोरून ताशी २०चा वारा आहे, तर रोध पाऊणपटीहून अधिक वाढतो.

आणि कागदावरच्या आकड्याचं काय? अनेक वर्षं आपल्या दुचाक्या ज्या इंडियन ड्रायव्हिंग सायकल या ठरावीक चाचणीवर तपासल्या गेल्या, तिच्यात सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर आणि कमाल वेग फक्त ४२. गाडी बंद खोलीत रोलरवर. वाऱ्याची खरी भूक जिथे सुरू होते, तिथे चाचणी संपायची. हायवेवर आकडा जुळत नाही म्हणून मेकॅनिकशी भांडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

भिलाई ते नागपूर साधारण अडीचशे किलोमीटर. ८०ऐवजी ६०ने गेलात तर तासभर उशिरा पोचाल, आणि वाटेत वाऱ्याचा रोध ४४ टक्के कमी लागेल.