कोलकात्यातील मराठा खंदक

दुर्ग म्हटला की मराठी मनापुढे सह्याद्रीचे कडे उभे राहतात. बंगालच्या सपाट, दलदलीच्या भूमीत मात्र कड्याचे काम खंदकाला करावे लागे. आणि कोलकात्यातील अशाच एका खंदकाला मराठ्यांचे नाव मिळाले आहे.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरले. चौथाईसाठी झालेल्या या स्वाऱ्या १७५१ पर्यंत चालल्या. आपल्याकडे त्यांची गणना पराक्रमात होते. बंगाली अंगाईगीतात मात्र ‘बर्गी’ म्हणजे बारगीर भय होऊन उरले आहेत. त्या भयापोटी रहिवाशांनी इंग्रजांच्या वस्तीभोवती सुमारे ७ मैलांचा खंदक खणावयास घेतला. ३ मैल काम झाले. परंतु मराठे शहरावर आलेच नाहीत आणि कुदळी थांबल्या. पुढे १७५६ साली आला तो नवाब सिराजुद्दौला. त्याला हा अपुरा खंदक अडवू शकला नाही. हुगळीकाठचा जुना फोर्ट विल्यमही पडला.

इंग्रजांनी १७५८ पासून दक्षिणेस नवा, खंदकयुक्त किल्ला बांधला. जुना किल्ला कालांतराने नामशेष झाला व त्याच्या जागेवर १८६८ साली मोठे टपाल कार्यालय उभे राहिले. पुढे उत्खननात पाया सापडला, तेव्हा तटाची रेषा पितळी पट्टीने दर्शविण्यात आली. मराठा खंदकाचे भाग्य निराळे. १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. आज तो रस्ता आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांच्या नावांनी ओळखला जातो. खंदकाचे नाव उरले ते बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीपुरते.

ढासळलेला बुरूज सावरता येतो. वाहत्या रस्त्याखाली गेलेला खंदक पुन्हा उघडता येत नाही. त्याचे जतन म्हणजे त्याच्या रेषेचे व नावाचे जतन. पितळेची एखादी पट्टी, कोपऱ्यावरचा एखादा फलक, एवढ्यानेही ते साधेल. २०२४ साली नव्या फोर्ट विल्यमला ‘विजयदुर्ग’ हे कोकणातील जलदुर्गाचे नाव देण्यात आले. त्याचा मराठी माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बागबाजारातील त्या गल्लीचे नावही त्याने तितक्याच आस्थेने जपले जावे असे म्हटले पाहिजे. कारण एक नाव आपला गौरव सांगते, तर दुसरे आपल्या घोड्यांच्या टापा इतरांच्या कानी कशा पडल्या, ते सांगते.