उघड्यावरच्या ओट्याचे सांधे

मागल्या अंगणात, पडवीच्या कडेला किंवा गच्चीवर लाकडी ओटा, भांड्यांची मांडणी आणि भाजी चिरण्याचा पाट अशी स्वयंपाकाची सोय करून घेण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांत दिसते, आणि ती सर्वथा स्तुत्य आहे. परंतु लाकूड कोणते घ्यावे, पॉलिश कोणते द्यावे याची जेवढी चौकशी होते, तेवढी त्या फळ्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या चिकटद्रव्याची होत नाही. आणि एका पावसाळ्यात सांधे उकलले की दोष लाकडाच्या किंवा सुताराच्या माथी मारला जातो.

पूर्वी आपल्याकडील सुतार जनावरांची कातडी व हाडे उकळून तयार केलेला सरस वापरीत. तो तापवूनच लावावा लागे आणि ओलाव्याने सुटे. १९५९ साली बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने तापवण्याची ही यातायात संपविली. त्या जातीचे पांढरे द्रव्य घरातील खुर्ची-कपाटांना उत्तमच. तथापि त्याचा साधा प्रकार पाण्याने पुन्हा मऊ पडतो, उष्णतेने ढिला होतो आणि सतत भार राहिल्यास हळूहळू सरकतोही. ओलाव्यापुढे सांध्याचे काय होते, याचा दाखला दुसऱ्या महायुद्धातही मिळतो. ब्रिटनच्या मॉस्किटो या लाकडी विमानाचे सांधे आरंभी दुधातील केसीनपासून केलेल्या सरसाने जोडीत. पुढे दमट हवेत टिकावे म्हणून त्याच्या जागी फॉर्मल्डिहाइडयुक्त कृत्रिम राळ योजावी लागली.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक सांध्यापुरते तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: येथे पाणी नुसते उडणार की साचून राहणार? शेगडीची धग येथवर पोहोचणार काय? आणि या पृष्ठभागावर अन्न ठेवले जाणार काय?

छपराखालच्या मांडणीला, जेथे पावसाचा शिंतोडा क्वचितच येतो, तेथे पांढऱ्या द्रव्याचाच जलरोधक प्रकार पुरेसा होतो. युरोपीय मानकात अशा द्रव्यांच्या डी-१ ते डी-४ या पायऱ्या आहेत; डी-३ अधूनमधूनच्या ओलाव्यासाठी, तर डी-४ उघड्यावरच्या कामासाठी, मात्र त्यावर रंगाचे किंवा वॉर्निशचे संरक्षण हवे. पॉलियुरेथेन हवेतील व लाकडातील ओलाव्याने घट्ट होते आणि पाण्याला चांगले तोंड देते. पण बाहेर फेसाळून येणारा त्याचा भाग बळकट नसतो, म्हणून सांध्यातील फट त्या फेसाने बुजेल या भरवशावर राहू नये. रेझिन आणि हार्डनर मिसळून वापरावयाचे इपॉक्सी फटी भरून काढते व पाण्याला दाद देत नाही. मात्र साध्या प्रकाराचे इपॉक्सी धगीने मऊ पडते आणि उन्हाने खराब होते, यास्तव शेगडीलगत ते टाळावे आणि इतरत्र वॉर्निशखाली झाकावे. नावा बांधण्यात मान्यता पावलेले रिसॉर्सिनॉल पाणी व उष्णता दोन्ही सोसते, पण गडद तांबूस रेघ ठेवते आणि फळ्या अगदी नेमक्या भिडल्याखेरीज कामाचे नाही. चिरण्याच्या पाटासाठी तर, पूर्ण घट्ट झाल्यावर अन्नाशी संबंध येण्यास योग्य असल्याची हमी ज्याच्या डब्यावर छापलेली असेल, तेच द्रव्य घ्यावे. प्लायवुड वापरणार असाल तर आयएस ७१० हा शिक्का पाहूनच घ्यावे; त्याच्या थरांच्या जोडाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. तरीही त्याच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत.

एवढी तजवीज करूनही सागवानाबाबत एक सावधगिरी उरते. त्याच्या अंगच्या तेलामुळे जुन्या पृष्ठभागावर द्रव्य नीट बसत नाही. म्हणून जोडावयाच्या बाजूंवर ताजा रंधा मारून, ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून, ते उडून जाताच विलंब न करता जोड करावा. शिवाय लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने ऋतुपरत्वे फुगते व आकसते. रुंद फळी चारी बाजूंनी जखडून टाकली तर तिच्या ओढीपुढे कोणतेही द्रव्य टिकत नाही, आणि द्रव्य टिकलेच तर फळीच चिरते. म्हणून भार कुसू-खाचेच्या जोडाने पेलावा, फळीला हलण्यास जागा ठेवावी आणि पाणी निथळून जाईल असा उतार द्यावा.

शेवटी खातरजमा आपल्या हाताने करावी. त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच द्रव्याने जोडून शिकंज्यात आवळावेत, डब्यावरील मुदत भरली की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावेत आणि सकाळी सांध्यात पटाशी घालून फोडावेत. तुटलेल्या तोंडावर लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले तर लाकूड हरले आणि सांधा जिंकला असे समजावे. दोन्ही तोंडे गुळगुळीत, पांढुरकी व बुळबुळीत निघाली तर ते द्रव्य आपल्या ओट्याचे नव्हे. फळ्या, मजुरी आणि हौस यांच्या मानाने एका चांगल्या डब्याची किंमत अल्प असते, आणि एका रात्रीची ही परीक्षा तर फुकटच होते. ती घेतल्यावाचून उघड्यावरच्या कामाला हात घालू नये.