नवव्या ग्रहाची परिकल्पना आणि निरीक्षणातील निवडदोष

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ मध्ये प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळले आणि सूर्यमालेतील ग्रहांची संख्या आठ झाली. ही संख्या अंतिम आहे काय, हा प्रश्न मात्र २०१६ पासून पुन्हा चर्चेत आहे.

त्या वर्षी कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेतील कॉन्स्टन्टिन बॅटिगिन व मायकेल ब्राऊन यांनी नेपच्यूनपलीकडील सहा दूरस्थ वस्तूंच्या कक्षांचा अभ्यास मांडला. या लंबवर्तुळाकार कक्षा जवळजवळ एकाच दिशेस झुकलेल्या आढळल्या. असे केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता त्यांच्या गणितानुसार १ लाखात ७ इतकी अल्प होती. यावरून पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा एक अदृश्य ग्रह आपल्या गुरुत्वाकर्षणाने या कक्षांना वळण देत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. या तर्कास इतिहासाचा आधार आहे. युरेनसच्या गतीतील विचलनावरून लव्हेरिए यांनी वर्तविलेला नेपच्यून १८४६ मध्ये बर्लिन येथे प्रत्यक्ष दिसला. परंतु त्याच लव्हेरिए यांनी बुधाच्या गतीवरून कल्पिलेला 'व्हल्कन' कधीच सापडला नाही. ते कोडे १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटले.

आक्षेपाचे खरे मूळ गणितात नाही, निरीक्षणाच्या पद्धतीत आहे. या वस्तू अत्यंत अंधूक असून सूर्याच्या निकट येतात तेव्हाच दिसू शकतात. शिवाय दुर्बीण आकाशाच्या कोणत्या भागाकडे, कोणत्या ऋतूत वळविली जाते आणि आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांमुळे कोणता भाग टाळला जातो, यावर कोणत्या वस्तू हाती लागणार हे ठरते. मासेमाराने एकाच खाडीत जाळे टाकावे आणि सर्व मासे तेथेच राहतात असे म्हणावे, तसाच हा प्रकार होऊ शकतो. २०२१ मध्ये तीन सर्वेक्षणांतील १४ वस्तूंचा हा दोष लक्षात घेऊन एकत्रित विचार केला असता, कक्षा सर्व दिशांना समान विखुरलेल्या असण्याशीही ही निरीक्षणे विसंगत ठरली नाहीत. अर्थात यामुळे ग्रह नाही असे सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा आहे, इतकेच ठरते. ब्राऊन व बॅटिगिन यांनी त्याच वर्षी ग्रहाचे अनुमानित वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सहापटीपर्यंत खाली आणले.

२०२५ मध्ये हवाई बेटावरील सुबारू दुर्बिणीने शोधलेल्या '२०२३ केक्यू १४' या वस्तूची कक्षा जाहीर झाली. सूर्यापासून तिचे किमान अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ६६ पट आहे, आणि ती सेडनादी वस्तूंच्या विरुद्ध दिशेस झुकलेली आहे. समूहाबाहेरची एक वस्तू परिकल्पना मोडीत काढत नाही, पण ग्रहाच्या संभाव्य स्थानावर मर्यादा घालते.

चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर दुर्बिणीची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या दहा वर्षांच्या नियोजित सर्वेक्षणात दक्षिण आकाशाचे विस्तृत क्षेत्र पुनःपुन्हा टिपले जाणार असल्याने, कोठे पाहिले व कोठे पाहिले नाही याचा हिशेब प्रथमच एकाच उपकरणाच्या नोंदींतून मोठ्या प्रमाणावर मांडता येईल.