रोबोच्या डोक्यावरचा आरसा

कॅमेरा आभाळाकडे तोंड करून बसवायचा, त्याच्यावर फुगीर आरसा उलटा टांगायचा, की एकाच चित्रात चारी बाजू दिसतात. रचना इतकी साधी, की घाटातल्या वळणावरचा आरसाही चालेल असं वाटतं. पण तसल्या गोलाकार आरशात दिसणारे किरण एकाच बिंदूकडे, म्हणजे एका दृष्टिबिंदूकडे, रोखलेले नसतात. त्यामुळे त्यातून साध्या कॅमेऱ्यासारखं बिनचूक चित्र परत काढता येत नाही. अपास्ताच्या, म्हणजे हायपरबोलाच्या, आकाराचा आरसा हे साधतो. त्याच्या आतल्या नाभीकडे निघालेला प्रत्येक किरण परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीकडे जातो आणि नेमकी तिथेच लेन्स बसवायची असते. सायमन बेकर आणि श्री नायर यांनी हे गणित १९९९ साली सविस्तर मांडलं.

यावरून, एक दृष्टिबिंदू नसलेला आरसा टाकाऊच, असा उलटा समज होतो. तोही चुकीचा. रोबोकप या रोबोंच्या स्पर्धेत फुटबॉल खेळणाऱ्या रोबोला मैदान सपाट असल्याचं ठाऊकच असतं. त्याला चेंडू किती लांब आहे एवढंच हवं असतं. अँड्र्यू हिक्स आणि रुझेना बायची यांनी २००० साली असा आरसा मांडला, की जमीन त्यात जवळजवळ नकाशासारखी, एकाच प्रमाणात दिसते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो: अंतराचं बरंचसं गणित आरशाच्या वक्रातच होऊन जातं. आधी काम ठरवावं, मग आरसा.

चौफेर दिसतं म्हणजे बारकाईनेही दिसतं, असं नाही. हजार पिक्सेल व्यासाच्या चित्रात सर्वांत बाहेरच्या वर्तुळावर अंशाला जेमतेम नऊ पिक्सेल येतात. पाच मीटरवरचा फुटबॉल तिथे सुमारे २२ पिक्सेल रुंद दिसतो. ६० अंशांचा साधा कॅमेरा तेवढ्याच पिक्सेलांत तो सुमारे ४० पिक्सेलांचा दाखवतो. मध्याजवळ तर याहून कमी पिक्सेल मिळतात, आणि तिथे बहुतेकदा रोबो स्वतःच दिसतो.

वेडंवाकडं चित्र आधी सरळ करावंच लागतं, असंही नाही. अक्ष ओळंब्यात असेल तर दाराच्या उभ्या कडा चित्रात मध्यातून निघणाऱ्या सरळ रेषा होतात आणि दिशा थेट वाचता येते. रोबो कलला की मात्र त्या रेषा वाकतात.

फोकसबाबतही गफलत होते. खोली लांबवर पसरलेली असली, तरी तिची प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागामागे अगदी जवळच बनते. लेन्स तिथेच फोकस करावी लागते.